जांभळा ठिपका

दादाने डाव्याला माफ केलं होतं. तेही चौघांदेखत! हॉस्पिटलचा वॉर्ड, पाय वर टांगलेला, डोक्याला पट्ट्या, भोवती सगळं गणगोत जमलेलं, आणि दादा म्हणाला, "त्याला कुणी काही बोलू नका. मुद्दाम थोडंच केलंय त्याने? धाकटा आहे माझा. मी माफ केलं." झालं! सगळ्यांचे डोळे भरून आले. भाऊ असावा तर असा, असं जो तो म्हणाला. डाव्या पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून हमसून हमसून रडला. या गोष्टीला चौदा वर्षं झाली.

डाव्या म्हणजे डावखुरा. खऱ्या नावाने हाक मारणारी एक आईच होती, ती गेल्यावर नाव गेलं आणि डाव्या राहिला. तेव्हा घरामागच्या शेडमध्ये त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं आणि त्याच्या हाताला गुण होता असं लोक म्हणायचे. काम संपलं की नटावर, पिनेवर तो नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की तिथलं काम पक्कं, नाही दिसला तर अजून बाकी. नेलपॉलिश अर्थातच वहिनींचं. "भाऊजी, माझ्यापेक्षा तुमच्या गाड्याच जास्त नटतात," असं म्हणत त्या लाल बाटली पुढे करायच्या.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी त्याने दादाच्या मोटारसायकलचे ब्रेक केले. गाडी मूळची बाबांची, त्यांच्यानंतर दादाची. सकाळी दादा ती घेऊन बाहेर पडला आणि उताराच्या तळाशी दगडी कठड्यावर जाऊन आदळला. कसं झालं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "ब्रेक लागलाच नाही." डाव्याच्या पायाखालची जमीन सरकली. पेडल आणि ब्रेकची दांडी जिथे जोडलेली असते, तिथे एक बारीक दोन पायांची पिन घालून तिचे पाय वाकवावे लागतात. नाहीतर दांडी निसटते. ती पिन आपण घातली होती का? त्या संध्याकाळी तीन गिऱ्हाइकं डोक्यावर बसलेली. त्याला काही केल्या आठवेना. "दादा, माझी पिन राहिली असेल रे," तो कसाबसा म्हणाला. दादाने डोळे मिटले आणि म्हणाला, "हो. पेडल नुसतं खाली गेलं."

त्यानंतर डाव्याने पान्याला हात लावला नाही. गॅरेजला कुलूप लागलं. दादाचा गुडघा कायमचा ताठ झाला, म्हणून त्याला दुकानाच्या मोटारीने न्यायचं, आणायचं, आणि दिवसभर त्याच्याच कापडाच्या दुकानात मीटरपट्टी घेऊन उभं राहायचं, हे डाव्याने आपणहून अंगावर घेतलं. लग्नाचं बोलणं चाललं होतं तेही त्याने मोडलं. ज्याच्या हातून भावाचा पाय गेला त्याने कुठल्या तोंडाने संसार मांडायचा, असं त्याचं म्हणणं. आणि दादा? दादा कधी एका शब्दाने रागावला नाही. फक्त चेष्टा करायचा. डाव्याने नळाची गळती थांबवली, खुर्चीचा पाय बसवला, की दादा सगळ्यांना सांगायचा, "जपून हं, याच्या हातचं आहे!" सगळे हसायचे. डाव्याही हसायचा. म्हणजे दात दाखवायचा.

मोडकी गाडी त्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. बाबांची म्हणून विकवत नव्हती आणि बघवतही नव्हती.

ती बाहेर निघाली पुतणीच्या हट्टाने. पोरगी बावीस वर्षांची, नुकतीच नोकरी लागलेली, ऑफिस गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. एका रविवारी ती शेडमध्ये गेली, ताडपत्री ओढली आणि अंगभर धूळ घेऊन जेवणाच्या टेबलाशी आली.

"काका, आजोबांची गाडी मला हवी. तू चालू करून दे."

दादाचा घास हातातच राहिला. "काही नको. भंगारात द्यायची आहे ती."

"चौदा वर्षं देताय भंगारात! काका, तू मिस्त्री होतास ना?"

मिस्त्री! हा शब्द इतक्या वर्षांनी डाव्याच्या कानावर पडला. तो मान खाली घालून म्हणाला, "बघतो." दादा पानावरून उठून गेला. त्याला जुनं आठवलं असेल, म्हणून डाव्यालाच उलट अपराध्यासारखं झालं. आता बोला!

तर कामाला सुरुवात झाली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दोन तास. पहिल्या दिवशी पान्यांच्या पेटीचं झाकणच उघडेना, इतकं गंजलेलं. इंजिन जाम होतं. त्याने प्लग काढून भोकातून तेल ओतलं आणि चार दिवस नुसता येऊन बघून जायचा. पाचव्या दिवशी किकवर हाताने दाब दिला तर ती बोटभर खाली गेली. इंजिन सुटलं होतं! टाकीत मूठभर नट आणि रॉकेल टाकून ती खळाखळा हलवली, तेव्हा आतून चहासारखं गंजाचं पाणी निघालं. पुढच्या चाकाचा वाकलेला फोर्क त्याने वर्कशॉपमधल्या प्रेसवर सरळ करून आणला. कार्बोरेटर सुटा करून बारीक भोकं तारेने साफ केली, नव्या केबल घातल्या, दिवा बदलला. नखांत ग्रीस बसलं ते साबणाने जाईना, आणि दुकानात पांढरं कापड मोजताना दादा म्हणाला, "हात बघ जरा स्वतःचे." डाव्याने हात बघितले आणि त्याला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू!

तीन आठवड्यांत सगळं झालं. राहिलं मागचं चाक. तिकडे तो फिरकलाच नव्हता. आदळल्यावर गाडी चिखलात पडली होती, त्या बाजूला चिखलाचा जाड थर वाळून दगड झाला होता, आणि त्याखाली काय आहे ते डाव्याला पाठ होतं: पिनेचं रिकामं भोक आणि लोंबणारी दांडी. आपलं पाप डोळ्यांनी बघायचं म्हणजे काय चेष्टा आहे? पण ब्रेक न बघता पोरीच्या हातात गाडी देणार कशी? शेवटी एका रविवारी, उन्हं वर आल्यावर, त्याने मनाचा हिय्या केला. रॉकेलचा फडका घेतला, खाली बसला आणि चिखल खरवडू लागला.

आधी दांडी मोकळी झाली. ती लोंबत नव्हती. ती पेडलला जोडलेली होती. डाव्याला काही कळेना. मग त्याने जोडाजवळचा चिखल नखाने काढला. पिन होती. दोन्ही पाय एकाच बाजूला, डावीकडे, घट्ट वळवलेले. जगातला कुठलाही मिस्त्री असे पाय वळवत नाही, एक इकडे, एक तिकडे वळवतो. डाव्या हाताने पक्कड धरणारा एकटा तोच तसं करायचा. आणि पिनेवर ठिपका होता. पिनेवरून दांडीवर आलेला, कुठेही न तडकलेला, अखंड ठिपका.

लाल नव्हता. जांभळा होता.

तेव्हा डाव्याला सगळं आठवलं. त्या संध्याकाळी लाल बाटली संपली होती. त्याने वहिनींना हाक मारली, तेव्हा त्यांनी कुरकुरत जांभळी बाटली आणून दिली. "कोरी आहे हो, अजून मीसुद्धा लावलं नाही." दुसऱ्या दिवसापासून गॅरेज बंद. म्हणजे जांभळा ठिपका त्याने आयुष्यात एकदाच दिला होता. त्या संध्याकाळी. इथे.

त्याने पेडलवर हात ठेवला आणि जोर लावला. गंजलेला सांधा करकरला, दांडी ओढली गेली आणि मागचा ब्रेक चाकावर घट्ट बसला.

पहिल्यांदा त्याचा जीव भांड्यात पडला. माझ्या हातून झालं नाही! ओरडून सांगावंसं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्याने पेडलवरचा हात काढून घेतला. ब्रेक शाबूत होता, तर पेडल नुसतं खाली गेलं, हे दादा कुठून बोलला?

दादा अंगणात पेपर वाचत बसला होता. डाव्याने त्याला शेडमध्ये बोलावलं. बोटाने ठिपका दाखवला. दादा वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग सरळ झाला, पण डाव्याच्या तोंडाकडे बघेना.

"काय झालं होतं त्या दिवशी?" डाव्याने विचारलं.

"आता ते उकरून काय करायचंय?"

"दादा, काय झालं होतं?"

दादाने दाराकडे बघितलं. आवाज खाली आला. "सिगरेट पेटवत होतो. उतारावर. दोन्ही हात सोडले होते. हिला शब्द दिला होता ना, सोडली म्हणून. शुद्धीवर आलो तर ही समोर, कसं झालं, कसं झालं. तोंडातून ब्रेक निघून गेलं. आणि मग तूच म्हणालास, पिन राहिली असेल. मी कुठे तुझं नाव घेतलं होतं?"

ऐकलंत? मी कुठे तुझं नाव घेतलं होतं!

"नंतर?" डाव्या म्हणाला. "चौदा वर्षं होती तुझ्याकडे. रोज सकाळी माझ्या शेजारी गाडीत बसत होतास. एकदा तरी?"

"सांगणार होतो रे. पण तू दुकानात यायला लागलास, सगळं मार्गी लागलं. तू गेला असतास तर माझं कोण बघणार होतं? आणि मी तुला कधी बोललो का? माफच केलं होतं ना मी तुला?"

डाव्याच्या अंगाची लाही लाही झाली. ज्या माफीच्या ओझ्याखाली तो चौदा वर्षं वाकून चालला, ती माफी दादाने स्वतःच्याच गुन्ह्याची त्याला देऊ केली होती. आणि वर त्याच्याकडून पाया पडून घेतलं होतं. सख्खा भाऊ! परक्याने केलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

"माफ चौघांदेखत केलं होतंस," तो शेवटी म्हणाला. "आता चौघांदेखत खरं सांग. मला दुसरं काही नको."

"सांगतो," दादा पुटपुटला. "सांगतो रे. थोडा धीर धर."

तेवढ्यात पुतणी हेल्मेट हातात घेऊन आली. मागोमाग वहिनी, पदराला हात पुसत. पोरीने गाडीभोवती एक फेरी मारली, सीटवरून हात फिरवला.

"काका, झाली की रे! ब्रेक बघितलेस का?"

डाव्याने दादाकडे बघितलं. आत्ता सांग. लेक आहे, बायको आहे, ही घे वेळ, तुझ्या हातात दिली. दादाचे ओठ हलले. त्याने बायकोकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि हसला. नेहमीचंच हसू.

"जपून गं," दादा म्हणाला. "याच्या हातचा ब्रेक आहे!"

वहिनी हसल्या. पोरगीही हसायला लागली, पण काकाचं तोंड बघून थांबली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच डाव्याने दात दाखवले नव्हते.

"हो," तो म्हणाला. "माझ्याच हातचा आहे. वहिनी, जरा इकडे या. खाली बसा. हा रंग ओळखा."

वहिनी खाली बसल्या. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी पाहिलं. "जांभळा. अहो, हा तर माझा. ती कोरी बाटली. ती तर मी तुम्हाला फक्त त्या दिवशी..." पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. त्यांनी ठिपक्याला बोट लावलं. मग न उठताच मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणाला होतात, पेडल नुसतं खाली गेलं."

दादाने खिसे चाचपले. काय शोधत होता कोण जाणे.

"बाबा?" पोरगी म्हणाली.

वहिनी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. नवऱ्याजवळून जाताना त्या थांबल्या नाहीत, डाव्यासमोर मात्र थांबल्या. "भाऊजी, या घरात मीही हसत होते हो," एवढंच त्या म्हणाल्या आणि रडत आत गेल्या.

डाव्याने दुकानाच्या गाडीची किल्ली खिशातून काढली. रोज सकाळी तो ती दादासाठी दार उघडून धरताना हातात ठेवायचा. त्याने दादाचा तळहात उघडला, किल्ली त्यात ठेवली आणि बोटं मिटली.

"उद्यापासून तुझं तू बघ."

"अरे डाव्या, माझा पाय..."

"तुझा पाय तू मोडलास," डाव्या म्हणाला. हे वाक्य म्हणताना त्याला हुंदका आला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

त्याने ब्रेकच्या सांध्यात तेल सोडलं, पेडल दहा-बारा वेळा दाबून बघितलं आणि गाडी रस्त्यावर ढकलत नेली. दोन किका फुकट गेल्या. तिसऱ्या किकला इंजिनाने धूर ओकला आणि ते सुरू झालं. पोरीने हेल्मेट घातलं.

"काका, उतारावरून नेऊ?"

"ने. खाली कठड्याच्या अलीकडे थांब. पुढचा ब्रेक दाबू नकोस. नुसता मागचा."

ती गेली. डाव्या रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागे फाटकात दादा आला होता, त्याच्या ताठ पायाचा फरपटण्याचा आवाज ओळखीचा होता. डाव्याने वळून पाहिलं नाही. उताराच्या तळाशी मागचा लाल दिवा लागला आणि गाडी कठड्याच्या दोन हात अलीकडे थांबली.

ती त्या दिवशीही थांबली असती.