चटईला वय विचारले तेव्हा

मी एक जुना डबा आहे. पत्र्याचा नाही, त्यामुळे मला गंज चढत नाही आणि भंगारवालाही विचारत नाही. मी जावा नावाच्या संगणकी भाषेत लिहिलेला डबा आहे. सुवा नावाच्या बंदरावरच्या शेडमध्ये बेटांवर जाणाऱ्या बोटींची तिकिटे काढणारा एक प्रोग्राम चालतो, त्याच्या पोटात मी राहतो. आत घातलेले सांभाळायचे आणि मागितले की परत द्यायचे, एवढेच माझे काम.

मित्रांनो, मला ज्याने लिहिले त्याने माझ्यात काय ठेवायचे ते लिहिले नाही. त्या काळी तशी सोयच नव्हती. माझ्यात प्रवासी ठेवायचे, हे शेडमधल्या सगळ्यांना तोंडपाठ होते. मला मात्र कुणी सांगितले नव्हते. त्यामुळे माझ्यातून काहीही काढताना प्रोग्राम आधी शपथेवर सांगायचा, हा प्रवासीच आहे, आणि मग त्याचे नाव आणि वय वाचायचा. शपथ खरी निघायची, कारण आत प्रवासीच असायचे. ‘जुनं आहे, पण अजून कधी बंद पडलं नाही,’ असे कौतुक होई. त्यात माझे कर्तृत्व काही नव्हते.

पुढे जावात जेनेरिक्स आले. म्हणजे डबा लिहितानाच त्याच्यापुढे दोन टोकदार कंसांत लिहून टाकायचे: प्रवासी. मग त्यात दुसरे काही घालायला कुणी गेला, तर कंपायलर नावाचा तपासनीस प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही. नव्या डब्यांना अशी नावे मिळाली. मला कुणी हात लावला नाही. चालत्या डब्याला हात लावू नये, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे.

मग बोटीच्या मालकाला दया आली. अंत्यविधीसाठी, म्हणजे कबरीत अंथरायला, गावी न्यायच्या चटयांचे भाडे त्याने माफ केले. मात्र कुणाबरोबर कोणती चटई चालली, ते प्रवाशांच्या यादीतच दिसावे असे त्याचे म्हणणे पडले. आमचा प्रोग्रामर शाल्विन याने चटयाही माझ्यातच घालायचे ठरवले. कंपायलरने लगेच सूचना दिली, की या डब्यात काय जाते आहे ते मला तपासता येत नाही. बंदी नव्हे, नुसती सूचना.

“हे कंपायलर कुरकुरतंय,” शाल्विन म्हणाला.

“काय म्हणतंय?” त्याची वरिष्ठ सेरेआना उकडलेल्या कसावा कंदाचा तुकडा तोडत म्हणाली.

“नेहमीचंच. डब्यावर नाव नाही म्हणे.”

“मग तोंड बंद कर त्याचं. मालक दोनदा विचारून गेलाय.”

आमच्याकडे तपासनिसाचे तोंड बंद करायची अधिकृत ओळ आहे. शाल्विनने ती माझ्या डोक्यावर लिहिली. मग चाचणी म्हणून त्याने स्वतःचे, आईचे आणि मावसभावाचे तिकीट काढले. तिघांपैकी कुणाकडेही चटई नव्हती. चाचणी उत्तम झाली.

पहिली चटई आणली विलिमाइना नावाच्या म्हातारीने. मोआला बेटावर तिचा भाऊ वारला होता. दुसऱ्या दिवशी त्याला पुरायचे होते आणि खड्ड्यात अंथरायची चटई तिने स्वतः विणलेली होती. तिकीट विकणाऱ्या आपेनिसाने तिला माझ्यात घातले, पाठोपाठ चटई घातली. मी दोन्ही घेतल्या. चटई प्रवासी नाही, हे मला कळत नव्हते असे नाही. पण डब्याला नाही म्हणता येत नाही. ते काम तपासनिसाचे, आणि त्याचे तोंड बंद होते.

बोट दुपारपूर्वी सुटावी लागते, तरच दुसऱ्या दिवशी उजेडात खडकांतून बेटाजवळ शिरता येते. आपेनिसाने यादी छापायला घेतली. प्रोग्रामने विलिमाइनाचे वय वाचले, पुढे चटईलाही प्रवासी समजून वय विचारले आणि जागेवरच आडवा झाला.

“शाल्विन, तुझा प्रोग्राम रात्री यांगोना पिऊन झिंगला होता काय रे?” आपेनिसाने फोनवर विचारले.

“वायर बघ आधी, प्रिंटरची.”

“बघितली. फुंकरही मारली. आता काय आरती करू?”

शाल्विन धावत आला. चूक छापण्याच्या ओळीवर झाली असे पडद्यावर दिसत होते, म्हणून तो छापण्याची ओळ तपासत बसला. चूक झाली होती घालण्याच्या ओळीवर. ती ओळ त्याने स्वतः लिहिली होती आणि तिच्याकडे तो बघतसुद्धा नव्हता. मी त्याच्या समोर होतो. मला ठाऊक होते. मला ओरडता आले असते तर ओरडलो असतो.

“हातानं लिहून देऊ यादी?” आपेनिसाने विचारले.

“बंदरवाले छापील असल्याशिवाय दोर सोडू देत नाहीत. दरवेळी तूच सांगतोस.”

विलिमाइना गुंडाळलेल्या चटईवर बसून होती. शाल्विनला माझ्यातली चटई सापडली, तेव्हा दुपार टळून गेली होती.

“बूबू, बोट उद्या सकाळी नक्की सुटेल,” तो म्हणाला. आजीला तिथे बूबू म्हणतात.

“उद्या दुपारी त्याला पुरतील.”

“एक दिवस थांबवता नाही का येणार?”

“ऊन बघ, पोरा. देह टिकेल का तोवर?” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही.

त्या संध्याकाळी सेरेआनाने माझ्या डोक्यावरची ओळ खोडली आणि मला कंसांत नाव दिले. कंपायलरने लगेच चटईची ओळ लाल करून दाखवली. चटयांसाठी वेगळा डबा लिहावा लागला. चहा निवायच्या आत काम झाले.

सकाळची यादी बिनचूक छापली गेली. विलिमाइना प्रवाशांत होती, चटई चटयांत. बोट वेळेवर सुटली, पण विलिमाइना आता नुसती कबर बघायला निघाली होती.

मित्रांनो, मला नाव मिळाले म्हणून मी शहाणा झालो असे समजू नका. ते नाव तपासनिसापुरतेच असते. काम सुरू झाले की ते पुसले जाते आणि मी पुन्हा पूर्वीसारखाच, जे येईल ते घेणारा. म्हणून जे काही करायचे ते आधी करा. डब्यावर नाव घाला, आणि तपासनीस कुरकुरला तर त्याचे ऐकून घ्या. नाव म्हणजे एक शब्द. तो डबा लिहिणाऱ्याने लिहायचा असतो. डब्याला लिहिता येत नाही.