गळावरची माशी

खिडकीची काच बसवताना ललितचं उजवं मनगट नसांसकट कापलं, त्याला सहा महिने झाले होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात तो फिटर. केसाएवढा फरक त्याच्या बोटांना कळायचा. आता शर्टाची बटणंसुद्धा बायको, ज्योत्स्ना, लावायची.

"बोटं बारीक कामाला लावा," डॉक्टर म्हणाले होते. "वर्षभरात जेवढी हालचाल परत येईल तेवढीच."

ललित लहानपणापासून दारणा नदीवर गळ टाकायचा. मोबाइलवर त्याला एक व्हिडिओ सापडला. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून नकली माशी बांधायची; मासा तिला खरा किडा समजतो. त्याने टेबलाला गळ घट्ट पकडणारा छोटा वाइस लावला, चिकनवाल्याकडून कोंबड्याची पिसं आणली. दीड महिना रोज बसला. पीस निसटायचं, नाहीतर दोरा तुटायचा. एक माशी धड होईना.

एका दुपारी त्याने उजवा हात टेबलाच्या कडेवर दाणकन आपटला. परत आपटला. ज्योत्स्ना धावत आली.

"अहो, काय करताय हे!"

"दुखतंय का बघतोय. बोटांना दुखतसुद्धा नाही गं."

ती शेजारी बसली. "सांगा, मी बांधते." तो सांगत गेला आणि दहा मिनिटांत तिने माशी बांधलीसुद्धा. ललितचा चेहरा पाहिला मात्र, तिने ब्लेड घेऊन सगळा दोरा कापून टाकला. उघडा गळ त्याच्यापुढे ठेवून ती आत गेली.

संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता. शेवटी दोरा दातात धरून, डाव्या हाताने त्याने एक वेडीवाकडी, गाठोड्यासारखी माशी बांधली.

रविवारी ती माशी घेऊन दोघं दारणेवर गेले. तिसऱ्या फेकीला चिलापी लागली, तळहाताएवढी. डाव्या हातात मासा धरला. गळ काढून त्याला सोडायचं तर उजव्यानेच. बोट वाकेना. मासा तडफडू लागला, कल्ले उघडझाप करू लागले.

ज्योत्स्नाने हात पुढे केला.

"थांब!" तो ओरडला. "मरेल गं तो... पण मीच काढतो, थांब जरा."

ताठ बोटावर त्याने अंगठा दाबला. निसटला. पुन्हा दाबला. गळ हलला, आणि सुटला. मासा पाण्यात पडला, क्षणभर आडवाच राहिला, मग खाली गेला.

ललित चिखलात बसला आणि पोरासारखा रडला. पाठीवर हात ठेवून ज्योत्स्ना उभी राहिली. बोट अजूनही वाकत नव्हतं.