सरस्वती मंडळाचे पेले

इंदुताईंचं नाव निघालं की माझं डोकं अजून तापतं. लोक म्हणतात, तारामती, जाऊ दे, जुनी गोष्ट झाली. का म्हणून जाऊ दे? त्यांच्या पोटावर कुणी पाय दिला असता, तर मी विचारलं असतं की जुनं कधी होतं.

छप्पन सालची गोष्ट. सुलतान बाजारात आमच्या मराठी लोकांचं सरस्वती सहाय मंडळ होतं. वकील, कापडवाले, सरकारी अंमलदार वर्गणी काढायचे आणि पदरी पोरं असून कॉलेजात शिकणाऱ्या गरीब आईबापांना दरमहा रोख मदत द्यायचे. काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. माझा नवरा वारला तेव्हा सुमन तीन वर्षांची होती. लोकांची पोलकी शिवून मी इंटर केलं, आणि मंडळाच्या जोरावर बी. ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत आले. मार्चमध्ये परीक्षा, मग शाळेत नोकरी. एवढंच माझं स्वप्न, आणि ते त्या दरमहाच्या पाकिटावर टांगलेलं.

पण मंडळाची एक रीत होती. मदत घेणाऱ्याच्या घरी सभासदांच्या बायका न सांगता यायच्या आणि स्वयंपाकघरातले डबे उघडून बघायच्या. खरंच गरीब आहे का सोंग आहे, हे बघायला. याला त्या ‘विचारपूस’ म्हणायच्या. इंदुताई म्हणजे मंडळाचे चिटणीस केशवराव, त्यांचं कुटुंब. डबे उघडण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

श्रावणात त्या माझ्या चिक्कडपल्लीच्या खोलीवर आल्या. मी कॉलेजात होते. खोलीत सुमन एकटी, सात वर्षांची. डब्यांत काही सापडेना, तेव्हा बाईंनी पोरीला मांडीवर घेतलं आणि गोड आवाजात विचारलं, काल काय जेवलीस गं? पोर खरं बोलली. म्हणाली, शिरा. तूप सुटलेला, बेदाणे घातलेला.

झालं. पुढच्या बैठकीत इंदुताईंनी सांगितलं की तारामतीच्या घरी साजूक तुपाचा शिरा शिजतो, आणि माझी मदत बंद झाली. अहो, तो शिरा वरच्या मजल्यावरच्या सावित्रीबाईंच्या सत्यनारायणाचा प्रसाद होता! मी जाऊन सांगितलं, हात जोडून सांगितलं. इंदुताई हसल्या आणि म्हणाल्या, प्रसाद काय कुणी वाटीभर देतं का? हौ, देतं की. सावित्रीबाई देतात. सगळ्यांचा हात त्यांच्यासारखा आखडता नसतो.

मला पैशाचं दुःख होतंच. पण खरी आग लागली ती सुमनमुळे. पोरीला कळलं की आपल्या बोलण्यानं आईचं कॉलेज सुटणार. त्या दिवसापासून तिला काहीही विचारलं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग गप्प बसायची. शाळेत मास्तरांनी नाव विचारलं तरी गप्प. त्या बाईचा सूड घ्यायचा हे मी तेव्हाच ठरवलं. कसा ते देवाला माहीत होतं.

इतक्यात आमच्या राज्याचे भाषेप्रमाणे तुकडे व्हायला निघाले. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, आम्ही तेलुगू मुलखात राहणार, आणि सरकारी माणसांच्या वाटण्या होणार. केशवरावांच्या वाट्याला औरंगाबाद आलं. दिवाळीआधीच्या रविवारी त्यांच्या घरी मंडळाचा निरोपाचा कार्यक्रम ठरला. त्याच बैठकीत कुणाची मदत चालू ठेवायची तेही ठरणार होतं. इंदुताईंनी मला निरोप धाडला की मदतीला ये, सामान बांधायचंय, मग तुझ्या बंद झालेल्या पाकिटाचं बघू. फुकटची मोलकरीण पाहिजे होती, दुसरं काय. अडला हरी गाढवाचे पाय धरी. मी सुमनला घेऊन सकाळीच गेले.

दुपारपर्यंत मी बांधाबांध केली. मग इंदुताई म्हणाल्या की आमच्या कपबशा बांधून झाल्या, पाहुण्यांच्या सरबताला शेजारून पेले मागून आण. आणि त्या साडी बदलायला गेल्या. मी मागच्या खोलीतून जाताना एका पेटाऱ्याचं झाकण नीट बसलं नव्हतं म्हणून ते दाबायला गेले. आत तणसात गुंडाळलेलं पितळ दिसलं. एक पेला काढला. त्याच्या काठाखाली कोरलं होतं, ‘सरस्वती सहाय मंडळ, सुलतान बाजार’.

आपल्याकडे कुणीही भांडं देतं तेव्हा नाव घालून देतं, हे काय सांगायला पाहिजे? मंडळाच्या जेवणावळीसाठी लोकांनी दिलेले ते पेले आणि ताटल्या. गेल्या संमेलनात हरवले म्हणून बिचाऱ्या आचाऱ्याची मजुरी कापली होती, आणि कापा म्हणणाऱ्या इंदुताईच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

मला फार आनंद झाला. ओरडावं असं वाटलं, पण नक्को म्हटलं. एकटीनं ओरडले तर मीच चोर ठरेन. मी सगळे पेले, सगळ्या ताटल्या काढल्या, मोरीवर बसले आणि चिंच लावून घासल्या. अक्षरं अशी लख्ख झाली की म्हाताऱ्यालाही चष्म्याशिवाय वाचता यावीत.

पाहुणे बैठकीत जमले. इंदुताई नवी पैठणी नेसून मधोमध बसल्या होत्या. भाषणं झाली. केशवरावांसारखा निःस्वार्थी चिटणीस परत मिळणार नाही, असं कोणी तरी म्हणालं. मी पोहे आणि लिंबाचं सरबत घेऊन आत आले, आणि पहिला पेला मंडळाचे अध्यक्ष नामदेवराव वकील, त्यांच्यापुढे ठेवला. नाव त्यांच्याकडे करून.

नामदेवरावांनी वाचलं. मग ताटली उचलून खालून बघितली. मग शेजाऱ्याचा पेला बघितला. केशवराव बायकोकडे बघत राहिले. इंदुताईंचा चेहरा असा उतरला की मला तो फ्रेम करून भिंतीवर लावावासा वाटला.

“ही परत द्यायलाच काढून ठेवली होती,” त्या म्हणाल्या.

“तणसात गुंडाळून?” मी विचारलं. “औरंगाबादच्या पेटाऱ्यात?”

नामदेवरावांनी मला खाली बसायला सांगितलं. मी बसले नाही. म्हटलं, वकीलसाहेब, भांड्यांचं तुम्ही बघा. माझं काम वेगळं आहे. बाईंनी माझ्या पोरीला जे विचारलं होतं, ते आता सगळ्यांसमोर परत विचारावं. सुमन दाराशी उभी होती. तिला मी पुढे घेतलं आणि म्हटलं, घाबरू नको, खरं सांग.

नामदेवरावांनी इंदुताईंकडे बघितलं. विचारण्यावाचून त्यांची सुटका नव्हती.

“त्या दिवशी काय खाल्लं होतंस?” इंदुताईंनी विचारलं.

“शिरा,” सुमन म्हणाली.

“कुठला?”

“सावित्रीबाईंच्या सत्यनारायणाचा.”

“मग तेव्हा का नाही सांगितलंस?”

सुमननं माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. सरळ इंदुताईंकडे बघितलं. “तुम्ही विचारलंच नाही,” ती म्हणाली.

माझी मदत परीक्षेपर्यंत चालू झाली, बुडालेल्या महिन्यांसकट. आचाऱ्याची मजुरी केशवरावांनी खिशातून काढली. मला कुणी विचारलं, बाईची दया आली का? बिल्कुल नाही. रडत होत्या त्या, आणि मी पोह्यांची दुसरी ताटली घेऊन खात होते.

जाताना नामदेवरावांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, तारामतीबाई, झालं ते झालं, मंडळाच्या इज्जतीचा सवाल आहे, ही गोष्ट तुमच्या तोंडून बाहेर जाता कामा नये. मी शब्द दिला. सरस्वतीची शपथ घेऊन दिला, आणि पाळला. केशवरावांची लॉरी जाईपर्यंत मी कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

घरी आल्यावर मी फक्त सुमनला वरच्या मजल्यावर सावित्रीबाईंकडे खेळायला पाठवलं. सावित्रीबाईंनी विचारलं असणारच, की आज कुठे गेला होता गं. कितीतरी दिवसांनी माझ्या पोरीचा आवाज जिन्यात ऐकू येत होता, न थांबता, पेल्यांपासून पैठणीपर्यंत सगळं. मी खाली पुस्तक उघडून बसले होते, आणि तिला हाक मारली नाही. केशवरावांचं सामान औरंगाबादला उतरायच्या आधी सावित्रीबाईंच्या ओळखीपाळखीतून ही बातमी तिथं जाऊन बसली होती.