परळीचा रंगय्या

"हे आमचे सानप सर," सुग्रीव आपल्या टोळीला म्हणाला. "दहावीला विज्ञान शिकवायचे. यांनी आपलं ह्ये काम परळीला पाहिलेलं हाय, तुमच्या जल्माच्या आधी."

टोळीतल्या पाचही जणांनी हातातलं काम थांबवून सरांकडे आदराने पाहिलं.

बीडच्या पुढे, परळीच्या बाजूला रेल्वेचे रूळ जोडायचं काम चालू होतं. निवृत्त होऊन तीन वर्षं झालेले राधाकिशन सानप सर आधी एसटीने, मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर आणि शेवटी खडीतून पायी असे तिथवर पोचले होते. एक थाप कबूल करायला आले होते. आणि आल्या आल्याच ती थाप चारचौघांत त्यांच्या गळ्यात पडली होती.

थाप जुनी होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी धातूंचं निष्कर्षण शिकवताना त्यांनी फळ्यावर थर्मिटची अभिक्रिया लिहिली. लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये ॲल्युमिनिअमची पूड मिसळून पेटवली, की ॲल्युमिनिअम त्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. उष्णता इतकी निघते, की सुटं झालेलं लोखंड पाण्यासारखं वाहतं. त्यानेच रूळ सांधतात. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, तुमी पाहिलंय का?"

बीडला तेव्हा रेल्वे नव्हती. निम्म्या वर्गाने रूळसुद्धा पाहिला नव्हता. पण सत्तावीस वर्षांच्या नव्या मास्तराला 'नाही' म्हणवेना. "पाहिलंय की, परळीला," ते म्हणून गेले.

तिथेच मिटायचं. पण पुढच्या वर्षी धडा निघताच वर्गातून मागणी आली, "सर, परळीची गोष्ट सांगा." थोरल्यांनी धाकट्यांना सांगून ठेवलेलं. मग दरवर्षी सांगणं आलं आणि सांगायचं म्हणजे तिखटमीठ आलं. तिसऱ्या वर्षी मोठा धमाका झाला. सहाव्या वर्षी ठिणगीने सरांच्या सदऱ्याला भोक पडलं. दहाव्या वर्षी आंध्रातला रंगय्या मुकादम अवतरला. तो लांब दांड्याच्या पळीने लोखंडाचा रस रुळांच्या फटीत ओतायचा. पुढे निवृत्तीपर्यंत सरांनी या रंगय्याला पोसलं.

"पोरांना आवडतं ना, मग कशाला जिवाला लावून घेता," सत्यशीलाबाई म्हणायच्या. बायकोच्या नात्याने त्यांना सगळं माहीत होतं. पण वर्गात खरं तेच सांगायचं हे सरांचं ब्रीद आणि त्याच वर्गात त्यांनी दरवर्षी न चुकता खोटं सांगितलेलं. ते आतून खात राहायचं.

सुग्रीव ऊसतोड मजुराचा मुलगा. दसरा झाला की आईबापांबरोबर कारखान्याला जायचा. त्याच्यासारख्यांचा बुडू नये म्हणून सर हा धडा अलीकडे ओढून दसऱ्याआधीच शिकवत. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, "सर, रूळ जोडायच्या कामावर हाय. बघाया या." तेव्हापासून सरांना नीट झोप नव्हती. बाकीच्यांचं ठीक होतं. पण हा रोज तेच काम करणारा, याच्यापुढे रंगय्या कसा टिकणार?

"चष्मा लावा, सर. उघड्या डोळ्यांनी बघू नका," सुग्रीवने काळा चष्मा पुढे केला.

दोन रुळांमधल्या बोटभर फटीभोवती वाळूचा साचा बसवला होता. साच्यावर मूस, म्हणजे धातू वितळवायचं भांडं, आणि मुशीत काळसर पूड. सुग्रीवने पेटती फुलबाजी पुडीत खोचली, झाकण टाकलं आणि मागे सरला.

धमाका झालाच नाही. कढईत फोडणी पडावी तसा चर्र आवाज, पांढराशुभ्र उजेड आणि अर्ध्या मिनिटात मुशीचं बूड आपोआप मोकळं होऊन रस साच्यात उतरला. पळी नाही, ओतणारा नाही. हलकी धातुमळी वर राहिली आणि बाजूच्या भांड्यात वाहून गेली.

चष्म्याआड सरांच्या डोळ्यांना धार लागली. आयुष्यभर खडूने लिहिलेलं समीकरण समोर घडलं होतं आणि त्यांच्या गोष्टीपेक्षा ते कितीतरी साधं, कितीतरी देखणं होतं.

"सर, तवा परळीला कसं करायचे?" टोळीतल्या बंकटने विचारलं. "सांगा की."

सरांनी चष्मा काढला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी परळीला काही पाहिलं नव्हतं. आज पहिल्यांदा पाहतोय. पोरांपुढे एकदा खोटं बोललो आणि मग बोलतच राहिलो. सुग्रीव, तुझ्यापुढेसुद्धा."

बंकट खाली बघू लागला. सुग्रीव साच्याची वाळू फोडत होता. त्याचा हात थांबला नाही.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "दहावीला नापास झालो तवा घरी न सांगता परळीला गेलतो. रंगय्याच्या हाताखाली काम शिकायचं म्हणून. दोन दिस स्टेशनात ज्याला त्याला इचारलं. शेवटी एक गँगमन लई हसला. म्हणला, लोखंड पळीनं ओतत्यात का बे? पर भाकर दिली त्यानं. त्याच्याच वळखीनं कामाला लागलो."

"म्हणजे इतकी वर्षं तुला माहीत होतं. मग आत्ता यांच्यापुढे तसं का सांगितलंस?"

"तुमी काय म्हणता ते बघत व्हतो."

सर म्हणाले, "चूक झाली माझी."

"झाली," सुग्रीव म्हणाला. "लई राग आला व्हता. पर ॲल्युमिनिअम ऑक्सिजन ओढून घेतं, ह्ये तुमी सांगितलेलं खरं निघालं. कामाच्या परीक्षेला सायबानं इचारलं, ह्ये असं कावून व्हतं? धा जणांत मला एकट्याला सांगता आलं."

जोड घासून साफ झाल्यावर त्याने पिवळ्या रंगाचा डबा उघडला आणि रुळाच्या अंगावर ब्रशने जोडाचा नंबर, तारीख आणि आपलं नाव लिहिलं. सु. आ. घुले.

"नाव कशाला?" सरांनी विचारलं.

"उद्या जोड तुटला तर कुणाला धरायचं, ते कळाय पायजे. ज्यानं केला त्यानंच लिहायचं."

टोळी सामान उचलून पुढच्या जोडाकडे निघाली. सर गुडघे दुखत असतानाही खडीत उकिडवे बसले. अक्षर वाकडंतिकडं होतं. सहामाहीच्या पेपरात याच अक्षरापायी त्यांनी सुग्रीवचे दोन गुण कापले होते. आता मात्र रंग वाळेपर्यंत ते तिथेच बसून ते नाव वाचत राहिले.