ब्याण्णव किलोंचा नवस

माझी बहीण जगायची तर मला आठ किलो कमी व्हायला हवं होतं, आणि त्यासाठी डॉक्टरांनी सहा आठवडे दिले होते. नंदिताचं यकृत निकामी झालं होतं. तिच्या नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला, पण तपासणीत माझ्याच यकृतावर चरबी निघाली. तिरुचीच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, ब्याण्णवचे चौऱ्याऐंशी करून या, चरबी उतरली तर तुमचा तुकडा घेता येईल. चाळीस वर्षं मी भातावर तूप ओतून घेत होतो, तेव्हा त्याची शिक्षा बहिणीला होईल असं कुणी म्हणालं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी तंजावरच्या कालव्याच्या काठाने पळायला लागलो. पहिल्याच पुलापाशी जीव घशाशी आला. गल्लीतल्या अंबुजामामींनी बस चुकली का म्हणून विचारलं. मी नुसता हात हलवला, बोलायला श्वास उरला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात मात्र न थांबता चार किलोमीटर जाऊ लागलो.

भात बंद केला, इडली बंद केली, कॉफीतली साखर बंद केली. सकाळी आणि दुपारी नाचणीची कांजी, रात्री उकडलेल्या भाज्या. कांजी आई करायची. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे धरलेले, पण माझ्या आधी उठून चुलीशी उभी असायची. मी दमून आलो की म्हणायची, "पुरे रे, बस जरा." मला वाटायचं, आई असावी तर अशी.

वजन एकोणनव्वदवर आलं आणि तिथेच रुतून बसलं. दहा दिवस काटा हलेना. मी दोन वेळा पळायला लागलो, मग भर दुपारीही. रात्रीच्या भाज्या सोडल्या. सकाळी काट्यावर चढताना हात जोडायला लागलो, इतका मी वेडा झालो होतो. नंदिता फोनवर दिसायची. डोळे हळदीसारखे पिवळे, हाताच्या काड्या.

"अण्णा, किती झालं?" ती विचारायची.

मी शहाऐंशी सांगितलं. ती हसली, आणि फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडलो.

मग एके दिवशी ऑफिसात मीटिंग लांबली, म्हणून मी कांजीचा डबा फ्रिजमध्ये ठेवला. दुपारी उघडला तर वर पिवळट पांढरा थर, बोटाच्या पेराएवढा. शेजारच्या टेबलावरचा सेतुराम डोकावून म्हणाला, की एवढं तूप तर त्याच्या लग्नातही नव्हतं. मी चमच्याने थर मोडून पाहिला. खाली नारळाचं दूधही होतं. कुंपणच शेत खात होतं आणि मी ऊन झेलत पळत होतो.

तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच घरी आलो आणि डबा आईपुढे आपटला. वाटलं होतं, नाकबूल करेल. तिने केलं नाही. पदराने ओटा पुसत सांगायला लागली, की डॉक्टरांनी माझा रक्तगट जुळला म्हणून कळवलं त्याच दिवशी ती पुन्नैनल्लूरला मारियम्मा देवीच्या देवळात जाऊन आली होती. नंदिता बरी होऊन घरी आली, की माझा तुलाभार करीन, मला एका पारड्यात बसवून वजनाइतका गूळ देईन, असा नवस बोलली होती. आणि नुसतं वजनाइतका म्हणून थांबली नाही, आकडाही सांगून बसली होती.

"सामीला ब्याण्णव म्हणून सांगटलं," आई आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली. "तू उतरलास तर गूळ कमी होणार. देवीला फसवून पोर कशी मागू? तुज थोडं धरून ठेवलं, तेवढंच."

मला ओरडायचं होतं. तिला चरबीचं काही कळलं नव्हतं असंही नाही, पण डॉक्टरांपेक्षा मारियम्माचा धाक मोठा होता. बारा दिवस उरले होते आणि पाच किलो.

भांडायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला रिक्षात घातलं आणि पुन्नैनल्लूर गाठलं. नवस आजच फेडू म्हटलं, म्हणजे पुढे माझं वजन उतरलं तरी तुझा शब्द मोडणार नाही. ब्याण्णव किलो गूळ एका पारड्यात चढला, दुसऱ्यात मी बसलो. गुळाचं पारडं खाली टेकलं आणि मी पाय लोंबकळत वर अडकून राहिलो. पुजारी तीन किलो काढायला लागले तशी आईने त्यांचा हात धरला. देवीला आकडा दिलाय म्हणाली. ते वैतागून म्हणाले, की त्या दिवशी माणूस भरेल तेवढाच गूळ, अम्माला आकडा कोण विचारतं?

आई पायरीवर बसली.

"माझ्या पोरीच्या वाटेत मीच बसले," ती म्हणाली.

मला तिचा राग होता, अजून आहे. पण त्या क्षणी तिच्याकडे बघवेना. मी बुटांच्या नाड्या आवळल्या, रिक्षावाल्याला आईला घेऊन मागून यायला सांगितलं आणि तंजावरच्या दिशेने पळायला लागलो. दहा वाजले होते, डांबर तापलं होतं. अर्ध्या वाटेवर कुशीत कळ आली, डोळ्यांपुढे काळोखी आली. गुडघ्यांवर हात टेकून मी रस्त्याकडेला वाकलो. रिक्षा शेजारी येऊन थांबली. आता ती पुरे म्हणणार, बस म्हणणार, आणि मी बसणार, हे मला माहीत होतं.

आईने रिक्षातून तोंड बाहेर काढलं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"थांबू नोको, राजा," ती म्हणाली. "धाव."