आत्याने रोखलेला श्वास

वजन उचलायला शिकवायचा कोर्स मी केला तेव्हा अंगात ताकद भरपूर होती. गप्प बसायची तेवढी नव्हती. त्याआधी नऊ वर्षं मी बसस्थानकावर माइकवरून गाड्या सांगायचे. गाडी आली तरी बोलायचं, नाही आली तर जास्तच बोलायचं. तोंडाला सवय लागली ती लागलीच.

आमचे सर नेमके उलटे. दिवसाला मोजून वीस वाक्यं बोलायचे, आणि त्यातली दहा एकच असायची, "एका वेळी एक सूचना. मग गप्प. मग बघा."

परीक्षा सोपी होती. कधीही वजन न उचललेलं माणूस आणायचं आणि पंधरा मिनिटांत त्याला जमिनीवरचा बार नीट उचलायला शिकवायचं. पहिल्या वेळी मी धाकट्या भावाला नेलं आणि एका दमात चौदा सूचना दिल्या. टाचा रोव, गुडघे ढिले, छाती पुढे, मान सरळ... सहाव्या सूचनेला भाऊ अर्धवट वाकलेला तसाच थिजला, कपडे वाळत घालायच्या स्टँडसारखा. सरांनी कागदावर भोपळा काढला. "अजून एकदाच," म्हणाले.

पलीकडच्या जिममध्ये माझी नोकरीची जागा धरून ठेवलेली, ती पास झाल्याच्या कागदापायी अडली होती. बसस्थानकावर तर मी राजीनामा देऊन, वर माइकवरून वीस मिनिटं निरोपाचं भाषण ठोकून आले होते. आता परत कुठल्या तोंडाने जाणार?

भाऊ म्हणाला, "ताई, मला पाठ एकच आहे." म्हणून मग आत्या.

आत्या बासष्ट वर्षांची, सरकारी दप्तरखान्यातून रिटायर झालेली. सांगितलेलं तंतोतंत करणारी बाई. एकदा डॉक्टर "आ करा" म्हणाले आणि फोन घ्यायला बाहेर गेले. दहा मिनिटांनी परत आले तर आत्याचा आ तसाच.

तीन आठवडे मी तिला घरी पोछ्याच्या दांडीवर शिकवलं.

"कमरेतून नाही गं, खुब्यातून वाक."

"खुबा कुठे असतो?"

"मांडी सुरू होते तिथे."

"मांडी कुठे सुरू होते ते आता या वयात शोधत बसू?"

परीक्षेच्या दिवशी बारला दोन हलक्या प्लेटा लावल्या. बाकीचे परीक्षार्थी भिंतीला टेकून बघत होते. आत्या वाकली, बार धरला. मी म्हटलं, "श्वास भर आणि रोख." तिने रोखला, बार वीतभर वर घेतला.

तेवढ्यात सरांनी मला विचारलं, "रोखायचा कशाला?"

मला वाटलं, कुणी हातात माइकच दिला. मी सुरू झाले. पोट घट्ट होतं, कण्याला आतून आधार मिळतो, नुसती पिशवी आणि भरलेली पिशवी यांत फरक काय, अशी मी रंगात आले. सर मात्र माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मी वळले. आत्या वीतभर उचललेला बार धरून तशीच वाकलेली, गाल फुगलेले, चेहरा टोमॅटोवरून वांग्याकडे निघालेला.

"आत्या, सोड, सोड."

तिने सगळंच सोडलं. श्वासही आणि बारही. बार दाणकन आपटला आणि गडगडत थेट सरांच्या पायांकडे निघाला. सरांनी उडी मारली. सरांना उडी मारता येते हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

मी बार परत आणला, प्लेटा काढल्या आणि तोंड मिटून उभी राहिले. सात मिनिटं उरली होती.

"किती शांत वाटतंय," आत्या म्हणाली. "आता मला विचार करू दे. तू तीन आठवडे खुबा खुबा करतेस, ते म्हणजे दोन्ही हातांत फायली असल्या की ढुंगणाने ड्रॉवर लोटायचा, तेच ना?"

मी नुसती मान हलवली.

"मग हे मी तेहेतीस वर्षं केलंय."

आणि तिने तो न दिसणारा ड्रॉवर असा लोटला की पाठ फळीसारखी सरळ. बार वर. मी म्हटलं, "ड्रॉवर." पुन्हा वर. प्लेटा परत लावल्या. चौथ्या वेळी आत्या बार धरून खुदुखुदु हसायला लागली. भिंतीजवळचे टाळ्या वाजवत होते.

"अजून प्लेटा घाल गं."

"घाला, घाला," भिंतीजवळूनही तेच.

हात शिवशिवत होते माझे. पण बोलत नसल्यामुळे मला दिसलं होतं, या चौथ्या वेळी तिची पाठ जराशी गोल झाली होती.

"आज एवढंच."

"अगं, मी दमले नाहीये."

"म्हणूनच."

ती फुरंगटली. सर लिहायला लागले, तोच त्यांचं पेन पडलं. ते उचलायला कमानीसारखे वाकले.

"सर," आत्या म्हणाली, "ड्रॉवर."

सर मध्येच थांबले. मग गुपचूप मागचा भाग मागे नेला आणि सरळ पाठीने पेन उचललं.

"आत्याबाई, तुमचा या कोर्सचा फॉर्म भरायचा का?"

"आणि माझं काय सर?" मी विचारलं.

"पास. तुम्ही थांबवलंत त्यांना."

आभाराचं भाषण माझ्याकडे तीन आठवड्यांपासून तयार होतं. मी तोंड उघडलं, आत्याने नुसतं बघितलं.

"बरं," मी म्हटलं.