कागदावरची घंटी

माणसं गोळा करणं हा माझा धंदा. सोलमध्ये कुठल्याही कंपनीने नवी वस्तू काढली, की ती साध्या माणसाला जमते का हे बघायला साधी माणसं लागतात. ती मी शोधून आणते. यायचं, वस्तू हाताळायची, मनात येईल ते बोलायचं, मानधन घेऊन घरी जायचं. अट एकच, वस्तू आधी ठाऊक नको.

या खेपेला होती एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी मदतीची घंटी. लाल बटण दिवा बदलेपर्यंत दाबून धरायचं, मग हिरवं दाबायचं. चाचणीत पास झाली की ती आमच्याच वॉर्डातल्या घरांत लागणार होती. म्हणून आमच्या गल्लीतल्या ज्येष्ठांच्या केंद्रातूनच मी माणसं निवडली.

पहिले आले प्यो आजोबा. त्यांनी लाल बटण टकटक दाबलं, काहीच होईना. शेवटी उठून, कमरेत वाकून म्हणाले, "माफ करा, मीच मठ्ठ." फक्त माझ्याच बाजूने आरपार दिसणाऱ्या आरशामागे बसून बघणारी मी खूश! घंटीचा दोष आयता सापडला होता.

आजोबा मात्र तोंड पाडून केंद्रात गेले. तिथल्या अध्यक्ष हमबाई माझ्या काळजीने भडकल्या. "युन-जोंगने आपल्या भरवशावर शब्द दिलाय. पोरीची नाचक्की करायची का?" चाचणीनंतर आजोबांना खरी रीत दाखवली होती; ती विचारून हमबाईंनी कॅलेंडरच्या पाठीवर दोन्ही बटणांचं चित्र काढलं, कागद भिंतीला चिकटवला आणि उरलेल्यांकडून घोटून घेतलं.

झालं! बाकीचे सगळे धडाधड पास. मेंग आजी बाहेर येऊन माझ्या कानाशी लागल्या, "तुझी मान खाली जाऊ दिली नाही बघ. कागद दाबून दाबून बोट दुखलं बाई!"

तशीच कंपनीच्या सो साहेबांकडे गेले.

"साहेब, यांना शिकवून पाठवलंय. मी नवी माणसं आणते, फुकट आणते."

"मॅडम, एक आजोबा सोडले तर सगळ्यांना जमलं. वयोमानाने होतं एखाद्याचं."

"ते आजोबाच खरे होते हो!"

"माणसं तुम्हीच निवडलीत ना?" ते हसले. "आणि बसवायची तारीख ठरलीय."

वॉर्ड ऑफिसात गेले, तर तिथला बाबू म्हणाला, "अहवाल चांगला आला म्हणून तक्रार? कमाल आहे." केंद्रात जाऊन कुणावर ओरडू? त्यांनी माझ्यासाठीच केलं होतं. हमबाईंनी तर शाबासकी म्हणून माझ्यापुढे तांदळाच्या वड्या ठेवल्या. मी त्या निमूट खाल्ल्या. स्वतःचा असा संताप कधी आला नव्हता.

घंट्या लागल्या. थंडीत मेंग आजी स्वयंपाकघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. सरपटत घंटीपर्यंत गेल्या, तरी मदत आली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीने दार ठोठावलं तेव्हा कळलं.

मी दवाखान्यात धावले. आजी ओशाळून हसल्या. "लाल दाबत राहिले गं. पुढचं काही आठवेना. केंद्रात तर येत होतं."

"आजी, चूक तुमची नाही. ती घंटीच वाईट आहे!"

"हळू बोल." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "कंपनीला सांगू नकोस हं, मला जमलं नाही म्हणून. तुझं काम जाईल."